वीणेचे तुकडे करून गाणे सापडत नाही

गतवर्षी भीमजयंतीच्या सकाळी आमच्या घरी एक छोटासा प्रसंग घडला. धाकट्या भावाने वडिलांच्या जुन्या भीमगीतांच्या कॅसेटी संगणकावर उतरवून घेतल्या होत्या आणि टेपची सगळी खरखर मोठ्या हौसेने काढून टाकली होती. नव्या स्पीकरांवर गाणे सुरू झाले. गायकाचा आवाज काचेसारखा स्वच्छ होता. वडिलांनी दोन कडवी निमूटपणे ऐकली आणि मग म्हणाले, "आवाज लई साफ हाय रं, पण मागची माणसं कुठं गेली?"

भावाने मूळ कॅसेट लावली. खरखर परत आली. पण तिच्यासोबत कोरस परत आला, झांजेचा निनाद परत आला आणि उंच ओळ उचलण्यापूर्वी गायकाने घेतलेला श्वासही परत आला. वडिलांचा हात मांडीवर ठेका धरू लागला.

शाळेच्या स्मरणिकेत या प्रसंगावर लिहावेसे वाटले, त्याला कारण आहे. आपल्यातील पुष्कळ माजी विद्यार्थी आज चार पैसे बाळगून आहेत. घरात चांगली ध्वनियंत्रणा घ्यावी, वडिलांच्या कॅसेटी जतन कराव्यात, असे त्यांना वाटते. ही इच्छा योग्यच आहे. परंतु यंत्र निवडताना आणि कॅसेट 'साफ' करताना आपण नेमके काय शोधत आहोत, हे एकदा स्वतःला विचारले पाहिजे. माझे मत असे की, बारकावा ही गाण्यापर्यंत नेणारी वाट आहे. वाटेलाच मुक्काम समजले की गाणे हरवते.

बारकाव्याचे महत्त्व मी नाकारीत नाही. आपल्या समाजात तर ते विशेष आहे, कारण आपले गाणे शब्दांवर उभे आहे. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जलशांतून बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला. सिन्नर तालुक्यातील देशवंडीत १९२२ साली जन्मलेल्या वामनदादा कर्डकांनी तेच काम आयुष्यभर केले. ज्यांच्या हाती पुस्तक आले नव्हते, त्यांच्या कानी विचार आला तो गाण्यातून. पुढे कॅसेट आली आणि प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज पत्र्याच्या खोलीपर्यंत पोहोचले. अशा गाण्यात शब्द कळलाच पाहिजे. आवाजाचे बळ खालच्या स्वरांत असते. परंतु क, त, स, श ही व्यंजने वेगळी ओळखू येतात ती प्रामुख्याने दोन हजार हर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात. तो पट्टा ज्या यंत्रात गढूळ झाला, त्यात गीत निव्वळ आरोळी होऊन बसते.

हीच गरज दुकानात मात्र फसवी ठरू शकते. काही स्पीकरांत नेमका हा वरचा पट्टा थोडा चढवलेला असतो. पाच मिनिटांच्या ऐकण्यात ते फार तपशीलवार वाटतात. टाळीची कड, तारेवरील नखाचा स्पर्श, सारे पुढे येते. घरी आणल्यावर तासाभरात कान थकतो आणि हात आपोआप आवाज कमी करण्याकडे जातो. दुसरी फसगत आवाजाच्या पातळीची. दोन यंत्रांपैकी जे किंचित मोठ्याने वाजते, तेच कानाला सरस वाटते. म्हणून दोन्हींचा आवाज सारखा करूनच तुलना करावी आणि आपल्या ओळखीचे, पाठ असलेले गाणे सोबत न्यावे. दुकानदाराचे गाणे त्याच्या यंत्राची स्तुती करण्यासाठीच निवडलेले असते.

याच्या उलट टोकाची चूकही आपल्याकडे कमी नाही. मिरवणुकीतील भिंतीएवढ्या स्पीकरांची सवय घरातही शिरली आहे. खिडकीची तावदाने थरथरली म्हणजे यंत्र चांगले, असा समज झाला आहे. त्या दणक्यात ढोलकीचा बोल आणि हलगीवरील काडीचा तडका वेगळा ऐकू येत नाही. शब्द तर पहिल्याच धक्क्याला गारद होतात. ज्या गीताने विचार करायला शिकवले, त्याच्या तालावर आपण नाचतो आणि ते काय म्हणते हे मात्र ऐकत नाही. हे मला आनंदाचे लक्षण वाटत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये कुठे उभे राहावे, हे सांगणारा दृष्टान्त आपल्याच वारशात आहे. अंगुत्तरनिकायात सोण कोळिविसाची कथा येते. चंक्रमण करता करता त्याचे पाय रक्ताळले आणि तो निराश झाला. भगवंतांनी त्याला त्याच्या पूर्वीच्या वीणावादनाची आठवण दिली. तार फार ताणली तर वीणा नीट वाजत नाही, फार सैल सोडली तरी वाजत नाही. तो उपदेश साधनेतील प्रयत्नांविषयी होता. परंतु दिवाणखान्यातील यंत्रालाही तो तंतोतंत लागू पडतो.

संयुत्तनिकायातील दुसरा दृष्टान्त तर माझ्या भावाला मी मुद्दाम सांगितला. वीणेचा नाद कधीच न ऐकलेल्या एका राजाला तो अत्यंत गोड वाटला. त्याने आज्ञा केली, "तो नाद माझ्याकडे आणा." सेवकांनी वीणा आणली. खोळ, कातडे, दांडी, तारा आणि वादकाचा योग्य प्रयत्न, या सर्वांच्या मेळाने नाद उमटतो, असे त्यांनी समजावले. राजाने वीणा फोडून तिचे तुकडे केले, तुकड्यांच्या ढलप्या केल्या, त्या जाळून राख वाऱ्यावर उधळली. नाद कुठेच सापडला नाही, तेव्हा तो वीणेलाच तुच्छ म्हणाला. मूळ सुत्तात हा दृष्टान्त 'मी' आणि 'माझे' यांचा शोध घेतला तर काही हाती लागत नाही, हे दाखवण्यासाठी येतो. मी तो येथे उसना घेतला आहे. गाणे सुरू असता केवळ झांज कशी, श्वास कसा, खरखर किती एवढेच तपासणारा श्रोता त्या राजासारखाच ढलप्या मोजत बसतो.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. चांगल्या आवाजासाठी सर्वांत महाग वस्तू घ्यावी लागते असे नाही. सिमेंटच्या उघड्या भिंती आणि फरशी यांवरून आवाज उसळतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. जाड पडदा, सतरंजी, भिंतीशी गाद्यांची चवड एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. स्पीकर कोपऱ्यात कोंबू नयेत. तेथे घुमारा वाढतो. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा साधारण समभुज त्रिकोण साधावा. आवाज लहान ठेवला की माणसाच्या कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात, म्हणून रात्री हळू आवाजात लावलेले गाणे पातळ वाटते. तेव्हा खालचे स्वर थोडे वाढवण्यात काहीच गैर नाही.

कॅसेटींबाबत मात्र अधिक जपले पाहिजे. कॅसेटची फीत चार मिलिमीटरांहूनही अरुंद असते आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर एवढ्या मंद गतीने सरकते. तिच्यात खरखर असणारच. ती काढणाऱ्या प्रणालीला खरखर आणि झांजेचा निनाद यांतील भेद नेहमीच कळतो असे नाही. दोन्ही एकाच वरच्या पट्ट्यात राहतात. म्हणून प्रथम टेपचे हेड स्पिरिटने पुसून घ्यावे, फीत एकदा पुढे-मागे फिरवून सैल करावी आणि काहीही न काढता, न वाढवता एक संपूर्ण प्रत करावी. सीडीच्या दर्जाने एका तासाच्या ध्वनिमुद्रणाला साधारण ६३५ मेगाबाइट जागा लागते. आजच्या काळात ती काहीच नाही. साफसफाईचे प्रयोग करायचे ते दुसऱ्या प्रतीवर. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ साली गेले, विठ्ठल उमप २०१० साली. त्यांची मोठी ध्वनिमुद्रणे कंपन्यांकडे असतील. परंतु गावच्या विहारासमोर कोण्या अनामिक शाहिराने रात्रभर गायलेले आणि कोणीतरी टेपमध्ये धरून ठेवलेले गाणे केवळ आपल्या पत्र्याच्या पेटीत आहे. ते एकदा पुसले गेले तर पुन्हा मिळणार नाही.

उपोसथाच्या दिवशी अष्टशील पाळणारा उपासक गीतवादनापासून विरत राहतो. मग शाळेच्या स्मरणिकेत संगीताच्या सुखाची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. मला वाटते, ते शील आसक्तीविषयी सावध करते. स्वतः बाबासाहेबांनी उतारवयात हौसेने व्हायोलिन हाती घेतले होते. आसक्ती गाण्याचीच असते असे नाही, यंत्राचीही असते आणि ती अधिक खर्चिक असते.

माझी सूचना साधी आहे. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला ध्वनियंत्रणा भेट देताना तिच्या शक्तीचे आकडे पाहू नयेत. शेवटच्या रांगेतील मुलाला शब्द कळतो का, हे पाहावे. ज्यांच्या घरी जुन्या कॅसेटी आहेत, त्यांनी त्यांची एक अस्पर्शित प्रत शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी आणि महिन्यातून एका सायंकाळी मुलांनी ती शांतपणे बसून ऐकावी.

सोनारीच्या शिवारात पहाटेच्या वाऱ्यावर भोंग्यातून आलेली वंदना आपण ऐकली आहे. त्या भोंग्यात ना खालचे स्वर होते ना वरचे. तरी आपण उठून बसत होतो आणि ओठ आपोआप हलत होते. आज त्याहून सरस यंत्र घेण्याची ऐपत आली आहे, तर अवश्य घ्यावे. त्यावर तेच ओठ पुन्हा हलले, म्हणजे पैसे सार्थकी लागले.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.