एचआयव्ही-प्रतिबंध : वस्तीतले संशोधन आणि घरातले ज्येष्ठ

रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी या विषयांवर ज्येष्ठ मंडळी मोकळेपणाने प्रश्न विचारतात. एचआयव्हीचे नाव निघाले की मात्र संभाषण थांबते. ‘डॉक्टर, या वयात आम्हांला त्याचे काय?’ असे काहीजण विचारतात, तर काहीजण म्हणतात, ‘तो विषय चांगल्या घरांचा नव्हे.’ हे दोन्ही समज बाजूला ठेवून या विषयाकडे पाहावे, म्हणून हा लेख.

भारतात एचआयव्हीची लागण प्रथम १९८६ साली चेन्नईत, देहविक्रय करणाऱ्या सहा स्त्रियांच्या रक्ततपासणीत आढळली. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी ती शोधून काढली. त्यानंतरच्या काही वर्षांत भीतीने समाजाचा ताबा घेतला. या रोगाचे खापर काही विशिष्ट लोकांवर फोडले गेले आणि त्यांना दूर लोटले की आपण सुरक्षित झालो, असे पुष्कळांना वाटू लागले. पुढे झालेल्या संशोधनाने ही समजूत खोटी ठरवली. त्यातील दोन उदाहरणे आपल्या देशातील आहेत.

पहिले उदाहरण कोलकात्याच्या सोनागाछी या वस्तीचे. १९९२ साली डॉ. स्मरजित जाना यांनी तेथे काम सुरू केले. तेव्हा निरोधचा नियमित वापर नगण्य होता. बाहेरून जाऊन व्याख्याने देण्याऐवजी त्यांनी वस्तीतील स्त्रियांनाच प्रशिक्षण दिले. या स्त्रिया घरोघर जात, गुप्तरोगांची माहिती देत, निरोध वाटत आणि मैत्रिणींना दवाखान्यात घेऊन येत. लवकरच एक गोष्ट लक्षात आली. निरोध का वापरावा हे स्त्रीला पटत होते, पण ग्राहकाने नकार दिला तर त्याला परत पाठवण्याचे बळ तिच्याजवळ नव्हते. डोक्यावर सावकाराचे कर्ज, घरमालकिणीचा धाक आणि पोलिसांची भीती असताना केवळ माहिती काय कामाची?

म्हणून या कार्यक्रमाने या स्त्रियांच्या जगण्यातील अडचणींना हात घातला. १९९५ साली त्यांची स्वतःची संघटना, दुर्बार महिला समन्वय समिती, स्थापन झाली. त्याच वर्षी ‘उषा’ ही सहकारी संस्था निघाली आणि सावकाराकडे न जाता बचत आणि कर्ज मिळू लागले. एका ग्राहकाला नकार दिला तरी त्या दिवशीची चूल पेटणार, ही खात्री हळूहळू आली आणि निरोधचा वापर वाढत गेला. हा केवळ सोनागाछीतील योगायोग तर नव्हे, हे पडताळण्यासाठी उत्तर बंगालमधील दोन लहान गावांत तुलनात्मक अभ्यास झाला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, सोनागाछीची पद्धत राबवलेल्या गावात निरोधचा वापर ३९ टक्क्यांनी वाढला, तर नेहमीच्या दवाखान्यावर भिस्त असलेल्या गावात ११ टक्क्यांनी.

महाराष्ट्रातही हेच सूत्र सांगली जिल्ह्यात दिसले. तेथे ‘संग्राम’ या संस्थेने १९९२ पासून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांबरोबर काम केले आणि त्यातून वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही त्या स्त्रियांची स्वतःची संघटना उभी राहिली. निरोध वाटणाऱ्या त्याच, मैत्रिणीला दवाखान्यात नेणाऱ्याही त्याच, आणि अन्याय झाला तर दाद मागणाऱ्याही त्याच.

‘निरोध वाटणे म्हणजे अनीतीला उत्तेजन नव्हे काय?’ हा प्रश्न माझे ज्येष्ठ रुग्ण प्रामाणिकपणे विचारतात, आणि त्याला तितकेच प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. विषाणू वस्तीच्या सीमेवर थांबत नाही. वस्तीत जाणारा पुरुष घरी परततो आणि तेथे त्याची पत्नी असते. तिने कोणताही धोका स्वतःहून पत्करलेला नसतो. २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात गर्भवती तरुण स्त्रियांच्या तपासणीचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रासह दक्षिणेकडील राज्यांत १५ ते २४ वर्षांच्या स्त्रियांमधील एचआयव्हीचे प्रमाण २००० ते २००४ या काळात सुमारे एक-तृतीयांशाने घटले, असे त्यात दिसून आले. देहविक्रयाच्या ठिकाणी निरोधचा वापर वाढला, हे त्याचे संभाव्य कारण असल्याचे संशोधकांनी नमूद केले. वस्तीतील स्त्री सुरक्षित झाली की तुमच्या-आमच्या सुनाही अधिक सुरक्षित होतात, असाच याचा अर्थ.

दुसरे उदाहरण औषधाचे आहे आणि त्यात पुण्याचा वाटा आहे. एकाला लागण आहे आणि दुसऱ्याला नाही, अशा १,७६३ जोडप्यांचा अभ्यास नऊ देशांत झाला. पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था त्यातील एक केंद्र होती. सर्व जोडप्यांना समुपदेशन आणि निरोध दिले गेले. अर्ध्या जोडप्यांतील बाधित व्यक्तीला औषध लगेच सुरू केले आणि उरलेल्यांना, त्या काळच्या पद्धतीप्रमाणे, प्रतिकारशक्ती घटल्यावर. २०११ साली हाती आलेले आकडे असे होते : बाधित जोडीदाराकडूनच लागण झाल्याचे २८ जणांत सिद्ध झाले. त्यांपैकी २७ जण उशिरा औषध सुरू केलेल्या गटातील होते आणि लगेच औषध सुरू केलेल्या गटातील केवळ एक. निष्कर्ष इतका स्पष्ट होता की तो तत्काळ जाहीर करून दुसऱ्या गटालाही औषध देऊ करण्यात आले.

औषध नियमित घेतल्याने रक्तातील विषाणू इतके कमी होतात की चाचणीत ते सापडत नाहीत. ही स्थिती टिकून असलेल्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही, हे पुढील अभ्यासांनी पक्के केले. २०१७ पासून आपल्याकडेही निदान होताच, प्रतिकारशक्तीचा आकडा कितीही असला तरी, औषध सुरू करण्याचे धोरण आहे. शासकीय एआरटी केंद्रांत हे औषध विनामूल्य मिळते.

संशोधन येथे थांबलेले नाही. लागण नसलेल्या, पण धोका असलेल्या व्यक्तीने आधीच औषध घेऊन बचाव करण्याचे उपाय उपलब्ध झाले आहेत. लेनाकापाविर हे इंजेक्शन वर्षातून दोनदाच घ्यावे लागते. दक्षिण आफ्रिका आणि युगांडा येथील अभ्यासाचे निष्कर्ष २०२४ साली आले. हे इंजेक्शन मिळालेल्या दोन हजारांहून अधिक तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. नवऱ्याला निरोधचा आग्रह धरू न शकणाऱ्या स्त्रीला अशा उपायाचे मोल वेगळे सांगायला नको.

आता आपल्या घराकडे वळू. भारतात मोफत एआरटी उपचार १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाले. तेव्हा चाळिशीत असलेले रुग्ण आज साठी ओलांडून गेले आहेत. म्हणजे एचआयव्हीसह जगणारे ज्येष्ठ ही आता नवलाई राहिलेली नाही. अशा व्यक्तीची काळजी घेणाऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

स्पर्श, एकत्र जेवण, एकच स्वच्छतागृह, खोकला, डास यांतून एचआयव्ही पसरत नाही. ताट-वाटी वेगळी ठेवण्याचे कारण नाही. त्याने केवळ माणूस दुखावतो. जखम धुताना किंवा रक्त पुसताना मात्र हातमोजे घालावेत. दाढीचे पाते आणि दात घासण्याचा ब्रश प्रत्येकाचा स्वतंत्र असावा. साखर तपासण्याची सुई तर कोणत्याही घरात, एचआयव्ही असो वा नसो, दोघांत वापरू नये. कावीळ ‘ब’ही अशाच मार्गाने पसरते. वापरलेली सुई चुकून टोचलीच, तर ती जागा साबण-पाण्याने धुवावी, पिळू नये, आणि विलंब न लावता शासकीय रुग्णालय गाठावे. लागण टाळण्याचे औषध शक्यतो पहिल्या दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. ते २८ दिवस घ्यायचे असते.

सध्याच्या एआरटी गोळीत बहुधा डोल्युटेग्राविर हे औषध असते. आम्लपित्ताची औषधे, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या सोबत घेतल्यास त्याचे शोषण कमी होते. म्हणून एआरटीची गोळी आम्लपित्ताच्या औषधाआधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी घ्यावी. कॅल्शियम आणि लोहाच्या बाबतीतही डॉक्टरांना विचारून वेळा ठरवून घ्याव्यात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर त्याची मात्रा बदलावी लागू शकते. यासाठी सर्व औषधांची एकच यादी करून ती प्रत्येक डॉक्टरांना दाखवावी. घरचा वैद्य वेगळा आणि एआरटी केंद्र वेगळे असल्याने एकाचे दुसऱ्याला ठाऊक नसते. हा दुवा काळजी घेणाऱ्यालाच जोडावा लागतो.

उतारवयात नवी लागणही होऊ शकते. गर्भधारणेची भीती उरत नाही, म्हणून निरोध वापरला जात नाही; स्त्रियांमध्ये ऋतुनिवृत्तीनंतरच्या कोरडेपणामुळे इजा लवकर होते. वजन घटणे, वारंवार ताप, लांबलेले जुलाब, तोंडात पांढरा थर, क्षयरोग ही लक्षणे वयावर ढकलली जातात आणि निदान लांबते. डॉक्टरांनी एचआयव्ही चाचणी सुचवली, तर तो चारित्र्यावरील आक्षेप समजू नये. साखर तपासावी तशीच ही तपासणी आहे.

काही आजी-आजोबांवर याहून मोठा भार आहे. मुलगा-सून या रोगाने गेले आणि नातवंडे पदरात राहिली. नातवंडाला लागण असेल तर किशोरवयात औषध टाळण्याकडे त्याचा कल होतो. रागावण्यापेक्षा केंद्रातील समुपदेशकाकडे नेणे अधिक उपयोगी पडते. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, निदान गुप्त ठेवावे लागते, आणि शाळा, नोकरी, उपचार किंवा भाड्याचे घर या कारणाने नाकारता येत नाही. अशा मुलांच्या मालमत्तेच्या रक्षणाचीही तरतूद त्यात आहे. शाळेने अडवले तर या कायद्याचा आधार घ्यावा.

सोनागाछीत आणि सांगलीत जे दिसले, तेच घरालाही लागू पडते. ज्याला दूर लोटले जाते तो चाचणी टाळतो, औषध लपवून घेतो आणि अखेर सोडून देतो. जो जवळ राहतो तो नियमित औषध घेतो आणि त्यामुळे इतरांचाही बचाव होतो. घरात कोणी असे असेल, तर त्याच्या औषधाच्या वेळा आजच आपल्या औषधांच्या वेळांशेजारी कागदावर लिहून ठेवा. काही विचारायचे असल्यास १०९७ ही राष्ट्रीय एड्स हेल्पलाईन निःशुल्क आहे. नाव सांगण्याची आवश्यकता नसते.