चिंतेचे खाते

व्यापाऱ्यास चिंता नवी नाही. पाऊस लांबला, भाव कोसळला, वसुली थकली की पेढीवर बसणाऱ्याची झोप उडावयाचीच. परंतु त्या चिंतेविषयी कोणापाशी बोलणे म्हणजे पत घालविणे, अशी जी समजूत आपल्या मंडळींत रूढ आहे, तिच्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

काही वर्षांपूर्वी आमची एक मोठी उधारी बुडाली. दोन हंगामांत तूट भरून निघाली. मन मात्र सावरेना. पहाटे तीन वाजता छाती धडधडे, फोन वाजला की हात कापे. 'विचार करू नका' असा उपदेश प्रत्येकाने केला. आम्ही तो मनोभावे पाळू लागलो. परंतु जितका विचार दडपावा तितका तो बळावे. अखेर बेळगावच्या पेठेत जाणे सुटले, लग्नकार्ये टळली, नातवंडांशी बोलणे खुंटले. मूळ नुकसानीहून हे नुकसान मोठे होते.

पुढे धारवाडच्या एका मानसोपचारतज्ज्ञांनी आम्हांस स्वीकारावर आधारलेली संवादोपचाराची पद्धत समजावून दिली. अमेरिकेतील नेवाडा विद्यापीठाचे स्टीव्हन हेज हे तिचे प्रमुख प्रवर्तक. १९७८ साली ते स्वतःच भीतीच्या तीव्र झटक्यांनी ग्रासले होते; १९९९ साली दोन सहकाऱ्यांसह त्यांनी या पद्धतीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. तिचे सार असे की, दुःखद विचारांशी झुंज थांबवावी, ते आहेत हे मान्य करावे, आणि भीती सोबत असतानाच आपणास जे मोलाचे वाटते त्या दिशेने पाऊल टाकावे. 'मी बुडालो' असे न म्हणता 'मी बुडालो, असा विचार मनात आला आहे' असे म्हणावयास आम्हांस शिकविले. रोज अर्धा तास पेठेत बसावे, असा नेमही दिला. धडधड लगेच थांबली नाही. पण आम्ही पेढीवर परतलो.

हा दैववाद आहे, असे कोणी म्हणेल. तसे नव्हे. वसुलीचा दावा आम्ही सोडला नाही. बुडीत रक्कम नावे टाकणे म्हणजे दुकानास कुलूप लावणे नव्हे. उलट त्यावाचून ताळेबंद खरा होत नाही. परीषह समभावाने सहन करावेत, ही शिकवण आपणांस बालपणापासून आहे. म्हणून वैद्याची गरज नाही, असे मात्र समजू नये.

ही पद्धत केवळ सुखवस्तूंसाठीही नव्हे. युगांडात आश्रय घेतलेल्या दक्षिण सुदानच्या सुमारे ७०० निर्वासित स्त्रियांवर हिच्या आधारे आखलेल्या सामूहिक वर्गांचा प्रयोग झाला. त्यांचा मानसिक त्रास कमी झाल्याचे २०२० साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने या तत्त्वांवर सचित्र पुस्तिकाही काढली.

अर्थात प्रत्येक दुखण्यास एकच औषध नसते. काहींस गोळ्याही घ्याव्या लागतात. जीव नकोसा वाटू लागल्यास तर क्षणाचाही विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे, किंवा २०२२ पासून चालू असलेल्या सरकारी टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.

आपल्या संस्थेस आमची एकच नम्र सूचना आहे. एखाद्या सभासदाची पेढी अडचणीत आली की आपण त्याच्या देण्याची चौकशी करतो. तत्पूर्वी दोन वडीलधाऱ्यांनी त्याच्या घरी जाऊन, आकडा न विचारता, 'झोप लागते ना?' एवढे विचारावे. आम्हांस ते कोणी विचारले असते, तर आमची दोन वर्षे वाचली असती.