आधी कंद, मग फूल



पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरची धायरी 2017 मध्ये महापालिकेत गेली. जिथे शेते होती तिथे इमारती उभ्या राहिल्या आणि गॅलरीत कुंड्या आल्या. त्या कुंड्यांत आम्ही निशिगंध पाहिला. "एकदा कंद लावला की फार काही करावे लागत नाही, संध्याकाळी घरभर वास," असे तिथली माणसे कौतुकाने सांगतात. कौतुक खरे आहे. मूळ मेक्सिकोचे हे झाड आपल्या देवपूजेत आणि लग्नाच्या हारात केव्हाच घरचे झाले.

पण हेच कौतुक सल्ला होऊन आपल्या बांधावर येते. कापसाला भाव मागितला की उत्तर मिळते, "कापूस सोडा, फुले लावा." शेतकी शिकलेले म्हणून या सल्ल्याचा हिशेब मांडणे आमचे काम. निशिगंधाची लागवड एप्रिल-मेमध्ये, म्हणजे आपल्या विहिरी तळ गाठतात तेव्हाच. हाराचे सुटे फूल पहाटे तोडून त्याच दिवशी बाजारात पोचले पाहिजे. धायरीला गुलटेकडीचे मार्केट यार्ड जवळ आहे. आपल्या गावाला पहाटेची एसटी मिळाली तरी नशीब. पाणी आणि बाजार ज्याच्या हाताशी आहे त्याने फुले जरूर लावावीत. बाकीच्यांनी कर्ज काढून हा जुगार खेळू नये.

शिकायचेच तर कंदाकडून शिकू. उपटून महिनाभर सावलीत ठेवला तरी तो मरत नाही, लावला की फुटतो. मागच्या हंगामाची कमाई त्याच्या पोटात शिल्लक असते. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, पण बाजूला नवे कंद सोडून जातो.

आपल्या घरात अशी शिल्लक राहूच दिली जात नाही. 2012 च्या मार्चमध्ये सरकारने कापसाची निर्यात एकाएकी बंद केली. 2025 च्या ऑगस्टमध्ये परदेशी कापसावरचे 11 टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले. एकदा विकायच्या वेळी घाव, एकदा वेचणीच्या तोंडावर. बापाच्या हाती काही उरले नाही, तर पोराने पेरायचे कशाच्या जोरावर?

म्हणून जिल्ह्याच्या बैठकीत फुलशेतीचा सल्ला घेऊन कोणी आले, तर त्यांना शांतपणे सांगा: पीक कोणते घ्यायचे ते आम्ही ठरवू. आमचा बाजार मोकळा ठेवा, आमच्या घामाचे दाम आमच्या हाती राहू द्या. कंद भरला की फूल येतेच.