मोबाईलवरील पैसा : सावधगिरी हवी, नियमही हवा

बोरिवलीच्या मंडईत गोराईची भाजी विकणारी बाई असो, अंधेरीच्या बाजारात वेसाव्याची मासळी विकणारी कोळीण असो, की मुलुंड-घाटकोपरकडे खेड्यातून माल घेऊन येणारा शेतकरी असो, आज त्यांच्या पाटीशेजारी क्यूआर कोडचा फलक दिसतो. ११ एप्रिल २०१६ रोजी यूपीआय पद्धतीचा प्रारंभ झाला. ती चालविणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनचे कार्यालयही उपनगर जिल्ह्यातच, वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. सुट्या पैशांची अडचण दूर झाली आणि मालाची रक्कम तत्काळ खात्यात पडू लागली, हा लाभ निर्विवाद होय.

परंतु जेथे पैसा जातो तेथे लबाडीही पोहोचते. रक्कम भरल्याचे खोटे चित्र मोबाईलवर दाखवून माल नेणे, विक्रेत्याच्या फलकावर दुसऱ्याचाच कोड चिकटविणे, बँकेचा अधिकारी असल्याचे भासवून पिन काढून घेणे, हे प्रकार आता सर्वांना ठाऊक झाले आहेत. त्यावर 'लोकांनी सावध राहावे' असा उपदेश सर्वत्र केला जातो. तो योग्य आहे, पण पुरेसा नाही.

शेतकऱ्यास हा अनुभव नवा नव्हे. एके काळी दलाल रुमालाखाली बोटे दाबून सौदा करीत आणि वजनमापाचा भरवसा नसे. त्या वेळीही सावधगिरीचा सल्ला देणारे पुष्कळ होते. तथापि खरा फरक पडला तो नियमाने. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली नियंत्रित बाजार सुरू झाला. मुंबई प्रांतात १९३९ साली आणि महाराष्ट्रात १९६३ साली बाजारविषयक कायदे झाले. उघड लिलाव, तपासलेली मापे व हिशेबाची पट्टी यांमुळे साध्या माणसालाही दाद मागण्यास आधार मिळाला. मोबाईलवरील देवघेवीतही असाच आधार हवा.

काही आधार तयार आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी ठरवून दिले की, खातेदाराच्या संमतीवाचून रक्कम गेली आणि दोष बँकेचा असेल, तर खातेदारावर भार पडू नये. दोष बँकेचाही नाही व खातेदाराचाही नाही, अशा वेळी त्याने बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळविले, तरी त्याचे नुकसान होऊ नये. मुख्य म्हणजे, खातेदार जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर टाकले गेले. याच परिपत्रकाचा आधार घेऊन जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ७६ लाख रुपयांहून अधिक रक्कम खातेदारास परत करण्याचा आदेश बँक ऑफ बडोदाला दिला.

उणीव राहिली ती येथे. भुलथापांना बळी पडून ज्याने स्वतःच पिन दिला, त्याची गणना २०१७ च्या त्या नियमाने निष्काळजी माणसांत केली आणि तक्रार करीपर्यंतचे सर्व नुकसान त्याच्या माथी मारले. हे न्याय्य नाही, असे आमचे मत आहे. लुबाडलेला पैसा कोणत्या तरी बँकेतील खात्यातच जमा होतो. ते खाते उघडून देताना ज्याने नीट पडताळणी केली नाही, त्यानेही नुकसानीचा वाटा उचलावा. पद्धतीत सुधारणा केल्यास काय साधते, याचे उदाहरण समोर आहे. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवरून पैशांची मागणी पाठविण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, आणि तिचा गैरवापर करणाऱ्यांची ती वाटच बुजली. हजार व्याख्यानांनी हे काम झाले नसते.

नियम पूर्ण होईपर्यंत जे हाती आहे ते वापरावे. माल उपनगरात विकला जातो, पण फसवणूक पुष्कळदा गावी परतल्यावर ध्यानात येते. तेथे पहिला सल्ला ग्रामस्तरावरील कार्यकर्त्याकडेच मागितला जातो. सबब त्याने पुढील गोष्टी प्रत्येक सभेत सांगाव्यात. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. ग्राहकाच्या मोबाईलवरील चित्र न पाहता आपल्या खात्यातील जमा पाहावी. फसवणूक दिसताच त्याच दिवशी बँकेस कळवून तक्रारीचा क्रमांक घ्यावा व १९३० या क्रमांकावर दूरध्वनी करावा. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

फसलेला माणूस लाजेने गप्प बसतो आणि मुदत निघून जाते. त्याला दोष न देता, हाताशी धरून त्याच दिवशी बँकेत नेणे, हे बियाण्याचा सल्ला देण्याइतकेच विस्तारकार्य आहे.