सहाणेवरचे जिवाणू

आधुनिक विज्ञान अखेर आजीबाईच्या बटव्यापाशी येऊन टेकलं, असा शोध अलीकडे भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या मोहाडीत लागला. शोध लावणारे गृहस्थ उत्तम वक्ते आहेत आणि श्रोत्यांना काय आवडतं हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : बाळाच्या आतड्यात जिवाणूंनी वस्ती करावी लागते, हे आता मोठे डॉक्टरही मान्य करतात. मग कमी वजनाचं बाळ दवाखान्यात निर्जंतुक पेटीत कशाला ठेवायचं? घरी आणा, सहाणेवर घुटी उगाळून द्या, बोटभर मध चाटवा, गाईचं पाणी घातलेलं दूध पाजा, अंगणातली माती लागू द्या. ओडिशात जिवाणू पाजून बाळं वाचवलीच ना? आणि एवढ्यावर पटलं नाही तर भंडाऱ्याची आग आठवा.

आगीचं आधी संपवतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात शिशू कक्षात दहा बाळं दगावली. त्यावरून विजेची जोडणी, धुराची सूचना, रात्रपाळी यांबद्दल जाब विचारायचा असतो. त्या दहा जणांच्या नावावर घुटी खपवायची नसते.

आता ओडिशा. हा अभ्यास वक्त्यांनी वाचला असावा असं मी सौजन्य म्हणून धरून चालतो. तो २०१७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आला. १४९ गावांतली साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळं त्यात होती. काहींना सात दिवस एक पूड दिली, उरलेल्यांना तशीच दिसणारी पण गुण नसलेली पूड. जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचं प्रमाण नऊ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. निष्कर्ष मोठाच आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण त्या पुडीत होतं काय? लॅक्टोबॅसिलस प्लँटारम या जिवाणूचा पारखून निवडलेला एकच वाण, मोजून, आणि सोबत त्याला खाद्य म्हणून एक विशिष्ट शर्करा. वेखंड नव्हतं, मुरडशेंग नव्हती, सहाण तर नव्हतीच. आणि ती दिली कुणाला? ज्यांचं वजन निदान दोन किलो होतं, जी ३५ आठवडे पोटात राहून जन्मली, जी आईचं दूध ओढू लागली होती आणि ज्यांना संसर्गाची लक्षणं नव्हती त्यांना. दोन किलोच्या आतलं बाळ त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं! आमचे गृहस्थ मात्र दीड किलोच्या पोराचा दाखला देऊन बोलत होते. ज्या बाळांना संशोधकांनी हात लावला नाही, नेमकी तीच बाळं वक्त्यांनी संशोधकांच्या नावाने घरी नेली.

फार लवकर जन्मलेल्यांचं काय होतं तेही तपासलं गेलं आहे. इंग्लंडमध्ये ३१ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या तेराशेवर बाळांना दुसराच एक जिवाणू देऊन पाहिला. २०१६ साली निष्कर्ष आला, फायदा दिसला नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या एका बाळाला पाजलेला जिवाणूच त्याच्या रक्तात उतरला, बाळ गेलं, आणि तिथल्या औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला. जागतिक आरोग्य संघटनाही ३२ आठवड्यांआधी जन्मलेल्या, आईच्या दुधावरच्या बाळांबाबत ‘विचार करता येईल’ याच्या पुढे जात नाही. आणि हे सगळे बंद पाकिटातले, नावगाव असलेले जिवाणू. सहाणेवरच्यांची शिरगणती कुणी केली?

कमी दिवसांच्या बाळाचं आतडं कच्चं असतं. जठरात आम्ल कमी, हालचाल मंद, भिंत झिरपणारी. तिथे क्लेब्सिएलासारख्या रोगजंतूंचा जम आधी बसला तर ते रक्तात शिरायला वेळ लावत नाहीत. बांधीत पाणी भरलं म्हणजे धानच उगवेल असं नाही, तणही तितक्याच जोमाने येतं, हे भंडारा जिल्ह्यात तरी कुणाला शिकवायला नको.

मधात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात. वर्षाच्या आत तो वर्ज्य. गाईचं पाणी घातलेलं दूध म्हणजे उपासमार अधिक हगवण. मातीत वाढलेल्या मुलांना दमा कमी होतो, हे अभ्यास युरोपातल्या शेतकऱ्यांच्या मुलांचे आहेत, दीड किलोच्या तान्ह्यांचे नव्हेत.

हा वाद तसा जुनाच. पूर्वी असेच जाणते ‘चीक जड असतो, पिळून टाका’ म्हणायचे. मग गुबगुबीत बाळाचं चित्र असलेले पावडरचे डबे आले, तेव्हा शहाण्यांची दुसरी फळी उभी राहिली; ती डब्याच्या बाजूने. दोन्ही फळ्या एकमेकींना अडाणी म्हणत राहिल्या, पण बाळंतिणीच्या अंगावरचं दूध पुरत नाही, यावर दोघींचं एकमत होतं. आमचे गृहस्थ त्याच एकमतात सामील झाले आहेत.

मग करायचं काय? चीक पाजायचा, ओढता येत नसेल तर पिळून वाटी-चमच्याने. आईच्या दुधात दुग्धशर्करा आणि स्निग्धांशानंतर सर्वाधिक असतात त्या काही शर्करा बाळाला पचतच नाहीत. त्या बिफिडोबॅक्टेरियमचं अन्न आहेत, आणि हा जिवाणू १८९९ साली पॅरिसमध्ये तिसिए यांना सापडला तोही अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीमध्ये. बाळ उघड्या छातीशी धरायचं : भारतासह पाच देशांतल्या, एक ते १.८ किलोच्या बाळांवरचा अभ्यास २०२१ मध्ये आला, त्यात जन्मल्याबरोबर असं धरल्याने मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ वर उतरले. गरज नसताना प्रतिजैविकं नकोत. आशाताईला दार उघडायचं. घरी जाऊन नवजाताची काळजी घेता येते, हे शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामाने १९९९ सालीच दाखवलं आहे, आणि त्या घरभेटींत लागली ती शिकवलेली बाई, धुतलेले हात आणि वजनकाटा.

अडचण आहे ती वेळेची. दिवसाला निदान आठ तास बाळ छातीशी धरायचं, तर बाईकडे आठ तास असावे लागतात, आणि रोवणीच्या दिवसांत ते तिच्याकडे नसतात. पहिल्या बाळासाठी सरकारकडून मिळणाऱ्या पाच हजारांत किती दिवसांची मजुरी भरून निघते, हा हिशेब वक्त्यांनी मांडला नाही. प्रत्येक अंगणवाडीत एक सहाण ठेवावी, एवढी मागणी मात्र केली.