सिद्धतेची मुदत : शासकीय रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांस अनावृत पत्र

अधिष्ठाता महोदयांस,

केराटोकोनस, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा (कॉर्निया) पातळ होऊन फुगत जाण्याचा रोग, झालेल्या माझ्या नातवाच्या कागदांवर आपल्या नेत्रविभागाने मारलेला 'रोगाची वाढ सिद्ध नाही. सहा महिन्यांनी पुनर्तपासणी' हा शेरा आता रद्द समजण्यास हरकत नसावी, कारण ती वाढ आपल्याच यंत्रावर, आपल्याच तंत्रज्ञाच्या सहीनिशी, अगदी आपल्या मनाजोगती सिद्ध झाली आहे. सहा महिन्यांची ती मुदत, आधी यंत्र नादुरुस्त म्हणून आणि मग तज्ज्ञ रजेवर म्हणून लांबत लांबत, वर्षापलीकडे गेली. तेवढ्या अवधीत उजव्या डोळ्याच्या कॉर्नियाची कमाल वक्रता ४९.८ डायॉप्टरवरून ५४.६ वर चढली, जाडी ४६२ मायक्रॉनवरून ४३१ वर उतरली, आणि चष्म्याने फळा वाचणारा अकरा वर्षांचा मुलगा पहिल्या बाकावर बसूनही शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेऊ लागला. कचेरीस हवा होता तो दाखला कचेरीस मिळाला.

वाढ होते की नाही हे पाहून मगच क्रॉसलिंकिंग, म्हणजे कॉर्नियाचे तंतू बळकट करून रोग थोपविण्याचा उपचार, करावा, हा नियम तिशी-पस्तिशीच्या माणसापुरता शहाणपणाचा आहे. त्या वयात केराटोकोनस पुष्कळदा आपसूक मंदावतो, आणि ज्याचा रोग स्थिरावला आहे त्याला शस्त्रक्रियेचा त्रास का द्यावा, हा विचार न्याय्यच म्हटला पाहिजे. परंतु ज्यांच्या कॉर्नियाचे तंतू अद्याप कोवळे आहेत आणि ज्यांच्यात हा रोग झपाट्याने धावतो, त्या मुलांना तोच नियम जसाच्या तसा लावणे कोणत्या शास्त्रास धरून आहे, हे आपल्या विभागाने मला आजतागायत सांगितलेले नाही. चात्झिस आणि हफेझी या संशोधकांनी २०१२ साली ९ ते १९ वर्षे वयाच्या रुग्णांच्या ५९ डोळ्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील ५२ डोळ्यांत, म्हणजे ८८ टक्क्यांत, रोग वाढला, आणि म्हणून मुलांच्या बाबतीत वाढीच्या पुराव्याची वाट न पाहता निदान होताच उपचार करावा, असे त्यांनी सुचविले. ब्रिटनमध्ये १० ते १६ वर्षांच्या ६० मुलांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, १८ महिन्यांच्या अखेरीस, क्रॉसलिंकिंग झालेल्यांपैकी ७ टक्के मुलांचा रोग वाढला, तर केवळ नेहमीच्या देखरेखीवर ठेवलेल्यांपैकी ४३ टक्क्यांचा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली क्रॉसलिंकिंगला दिलेली मान्यता १४ वर्षे व त्यापुढील रुग्णांपुरतीच आहे, हे आपल्या सहायकांनी मला मोठ्या आस्थेने ऐकविले. ब्रिटनमधल्या चाचणीत दहा वर्षांची मुलेही घेतली होती, हे मात्र त्यांच्या ध्यानातून निसटले असावे. मी महसूल खात्यात हयात घालविली. पूर ओसरल्यावर पंचनामा करतात हे मला ठाऊक आहे; परंतु घर बुडाल्याखेरीज नदीस पूर आला असे मानणार नाही, असे म्हणणारा तलाठी आमच्या खात्यात दुसऱ्या दिवशी निलंबित झाला असता.

रोग 'दुर्मिळ' आहे म्हणून यंत्रणा अपुरी, हे स्पष्टीकरणही एकदा मिळाले. नागपूरच्या आसपासच्या ग्रामीण भागातील ३० वर्षांवरील लोकांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली आहे. ४८ डायॉप्टर वा अधिक वक्रता या कसोटीने तीत केराटोकोनसचे प्रमाण २.३ टक्के भरले. ती सारी माणसे कधीकाळी अकरा वर्षांची होती.

आणि जे काम इतके दिवस अडले ते तरी केवढे? ड्रेस्डेनच्या वैद्यांनी २००३ साली जगापुढे मांडलेल्या पद्धतीत कॉर्नियाचा वरचा पापुद्रा काढून अर्धा तास रायबोफ्लेविनचे थेंब घालतात आणि मग आणखी अर्धा तास ३७० नॅनोमीटरचे अतिनील किरण सोडतात. लहान मूल स्वस्थ पडून राहत नसेल तर भूल द्यावी लागते, इतकेच. किरणांनी आतल्या पेशींस इजा होऊ नये म्हणून पापुद्रा काढल्यावर किमान ४०० मायक्रॉन जाडी शिल्लक असावी लागते. पापुद्र्याचे साधारण ५० मायक्रॉन वजा घातले तर नातवाच्या ४६२ चे ४१२ उरत होते आणि आजच्या ४३१ चे ३८१ उरतात. म्हणजे आपण वाट पाहावयास सांगितले तेव्हा तो पात्र होता, आणि आपले समाधान झाले तेव्हा अपात्र. 'कॉर्निया पातळ, नेहमीच्या पद्धतीस अयोग्य' हा नवा शेरा त्याच कागदावर, जुन्या शेऱ्याखाली, त्याच शाईत आहे. पातळ कॉर्निया फुगवून घेणारे द्रावण असते, ते वापरता येईल काय, या माझ्या लेखी प्रश्नास उत्तर नाही. त्याऐवजी कॉर्निया-रोपणाच्या प्रतीक्षायादीत नाव घालण्याची सूचना आली. मुलांत रोपण नाकारले जाण्याची भीती मोठ्यांहून अधिक असते आणि टाकेही लवकर सैल होतात, हे आपणांस मी सांगावे अशी वेळ यावी काय? आपल्या विभागाकडून आजवर विनाविलंब मिळालेली एकच गोष्ट म्हणजे डोळे न चोळण्याचा उपदेश. तो योग्य आहे, आणि खाज न थांबलेले पोर तो शक्य तितका पाळते.

आता डाव्या डोळ्याविषयी. त्याची वक्रता तूर्त ४७.३ डायॉप्टर आणि जाडी ४८८ मायक्रॉन आहे, निदान निश्चित आहे, आणि दुसऱ्या डोळ्याचे काय झाले हे आपल्याच दप्तरात नमूद आहे. या डोळ्याकडून आपण पुरावा मागू नये. त्याच्या क्रॉसलिंकिंगची तारीख लेखी द्यावी, आणि उजव्यासाठी फुगवणाऱ्या द्रावणाचा विचार झाला की नाही हेही त्याच पत्रात कळवावे. तारीख देणे शक्य नसेल तर नकार लेखी, सकारण आणि जबाबदार अधिकाऱ्याच्या नावासह द्यावा, म्हणजे दुसऱ्या रुग्णालयाच्या दारी जाताना तो कागद बरोबर नेता येईल. 'पाहू' हे तोंडी उत्तर यापुढे स्वीकारले जाणार नाही.

आपला,
एका रुग्णाचा आजोबा,
निवृत्त अव्वल कारकून, महसूल खाते