सही कोणी करायची?

मागच्या अंकात सहलींवर तीन लेख होते. एक नागार्जुनसागरवरचा आणि दोन रामोजी फिल्म सिटीवरचे. लेखकमित्रांना नावे ठेवण्याचा हेतू नाही. तिन्ही सहलींना मी होतो आणि रामोजीत दुसऱ्यांदाही तेवढ्याच उत्साहाने फोटो काढून घेतले. पण आपल्या कॉलेजची बस या दोन ठिकाणांपुढे का जात नाही, हा प्रश्न मनात होता. गेल्या फेब्रुवारीत, हिमालयातील गिर्यारोहणाच्या प्राथमिक अभ्यासक्रमाला दोन विद्यार्थी क्रीडानिधीतून पाठवावेत, असा अर्ज घेऊन मी ऑफिसात गेलो. अर्ज पुरता वाचून होण्याआधीच उत्तर मिळाले, "बियास विसरलात का?"

हैदराबादेत हा एक शब्द पुरतो. ८ जून २०१४, रविवार. येथील एका इंजिनिअरिंग कॉलेजची मुले हिमाचलात सहलीला गेली होती. मंडी जिल्ह्यात थलौटजवळ संध्याकाळी ती बियास नदीच्या पात्रातील खडकांवर उतरून फोटो काढत होती. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडले गेले आणि बघता बघता चोवीस विद्यार्थी वाहून गेले. शोध कित्येक दिवस चालला. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. बाबा वर्तमानपत्र वाचून दुमडून ठेवत आणि आई ते पुन्हा उलगडून बसे, एवढे आठवते. २०१६ साली हिमाचलच्या उच्च न्यायालयाने प्रत्येक विद्यार्थ्यामागे २० लाख रुपये भरपाई ठरवली आणि तिचा भार वीज मंडळाबरोबर कॉलेजवरही टाकला. तेव्हा एखाद्या प्राचार्यांचे पेन सहलीच्या कागदावर अडले, तर त्यांना भित्रे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण मित्रहो, त्याच्या बरोबर चौदा दिवस आधीचाही एक रविवार आहे. २५ मे २०१४ रोजी आपल्याच निजामाबाद जिल्ह्यातील पाकाला गावची मालावत पूर्णा एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी राहिली. वय तेरा वर्षे अकरा महिने. आईबाप शेतमजूर. तिच्याबरोबर साधनपल्ली आनंदकुमार, सायकली दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा. दोघेही समाजकल्याण खात्याच्या निवासी शाळांतले. नेपाळच्या बाजूने सोळा वर्षांखालील मुलांना परवानगी नसल्यामुळे ते तिबेटच्या बाजूने चढले. त्याच मोसमात, १८ एप्रिलला, नेपाळच्या बाजूला हिमकडा कोसळून सोळा जण दगावले होते. म्हणजे धोका काय असतो हे त्यांना पाठवणाऱ्यांना ठाऊक नव्हते असे नाही. शंभरावर मुलांतून निवड होत होत हे दोघे उरले होते. आधी भोनगीरच्या खडकावर, मग दार्जिलिंगच्या संस्थेत, मग लडाखच्या थंडीत त्यांची तयारी करून घेतलेली होती.

दोन रविवारांच्या मधल्या सोमवारी, २ जूनला, तेलंगण राज्य जन्मले. पंधरवड्याच्या आतल्या या दोन बातम्या. पहिलीचे आपण सत्कार केले, २०१७ साली तिच्यावर हिंदी चित्रपटही निघाला. नियम मात्र सारे दुसरीवरून केले. माझी तक्रार आहे ती एवढीच आणि ती सविस्तर मांडण्यासाठी मला थोडे घरचे सांगावे लागेल.

आम्ही बेगम बाजारात राहतो, भांड्यांच्या गल्लीच्या मागे. बाबा सुक्या मेव्याच्या एका घाऊक पेढीत मुनीम आहेत. कॉलेज सुटल्यावर मी त्यांच्या शेजारी बसून खतावणी करतो. आई बिदरकडची, म्हणून घरात तिच्याशी कन्नड, बाबांशी मराठी आणि पायरी उतरली की दखनी. या गल्ल्यांत काय मिळत नाही? तेव्हा गिर्यारोहणाचा दोरही मिळेल, अशा भाबड्या समजुतीने मी एका दोरखंडवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी नायलॉनचे वेटोळे काट्यावर टाकले आणि विचारले, "क्या बाँधना है मियाँ?"

"आदमी," मी म्हणालो.

चाचांनी वेटोळे काट्यावरून उतरवले. "ये सामान की रस्सी है. आदमी का भरोसा मैं नै देता."

गिऱ्हाईक हातचे सोडणारा व्यापारी बेगम बाजारात मी पहिल्यांदाच पाहिला. आणि त्यांचे अगदी बरोबर होते, हे पुढे कळले. आपल्याकडे दोर किलोवर विकतात. गिर्यारोहकाचा दोर निवडताना त्याने चाचणीत किती पडण्या सोसल्या ते पाहतात. ८० किलोंचे वजन ठरलेल्या रीतीने वरून सोडतात आणि एकेरी वापराच्या दोराने अशा निदान पाच पडण्या न तुटता झेलाव्या लागतात. तो ताणला जातो आणि पडणाऱ्याचा हिसका स्वतः पितो. सामानाची दोरी ताणली जात नाही. ती तुटली नाही तर कंबर मोडते. शिवाय या दोराला घसारा आहे (अकाउंटन्सीच्या सरांनी लक्ष द्यावे) : मोठी पडणी झेलली की तो बाद, आणि नुसता कपाटात ठेवला तरी साधारण दहा वर्षांत बाद. १८६५ साली मॅटरहॉर्न शिखर प्रथमच सर करून सात जण उतरत असताना दोर तुटला आणि चौघे गेले. तो दोर जुना आणि बारीक होता. त्याचा तुकडा स्वित्झर्लंडमधील झेरमॅट गावच्या संग्रहालयात ठेवलेला आहे. शिखर गाठल्याचा आनंद उतरणीवर किती वेळ पुरला, याची ती पावतीच म्हणायची.

योग्य दोर मला भोनगीरला पाहायला मिळाला. सिकंदराबादहून काझीपेठच्या गाडीने जावे. शहरापासून अंतर सुमारे ५० किलोमीटर. गावात शिरताच एकसंध खडकाचे प्रचंड अंडे दिसते आणि त्यावर किल्ला. कन्नड विभागातील मित्रांसाठी मुद्दाम सांगतो : कल्याणीच्या चालुक्यांपैकी सहाव्या विक्रमादित्याचे बिरुद 'त्रिभुवनमल्ल', त्यावरून ही त्रिभुवनगिरी, तिची भुवनगिरी आणि मग आपली भोनगीर. पूर्णाने पहिला दोर इथेच बांधला. मी मात्र चाळीस फुटांवर अडकलो. उजवा पाय शिंप्याच्या मशीनसारखा थडथडू लागला. खाली एक सतरा वर्षांची मुलगी माझा दोर धरून उभी होती. मी वर बोंबलतोय आणि ती शांतपणे सांगतेय, "अण्णा, टाच खाली करा." टाच खाली केली, थरथर थांबली. इतकी साधी गोष्ट. पण ती कोणीतरी सांगावी लागते, आणि सांगणाऱ्याच्या हातात दोर असावा लागतो.

महाराष्ट्रात हे रविवारी रविवारी चालते. १९९८ साली सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले, २०१२ साली पुण्याच्या 'गिरिप्रेमी'चे आठ जण, २०१९ साली त्यांचेच दहा जण कांचनगंगेवर. आपण हैदराबादी मराठी मंडळी या बातम्या मोठ्या अभिमानाने एकमेकांना वाचून दाखवतो. त्याआधीची कित्येक वर्षे सह्याद्रीच्या कड्यांवर गेलेली असतात, ते आपल्या वाचण्यात येत नाही. आणि आपल्या दारात तर अडीचशे कोटी वर्षांचा ग्रॅनाइट पडला आहे. आपण तो फोडून फ्लॅट बांधतो.

असो. कॉलेजने नाही म्हटल्यावर मी स्वतःच मनालीच्या संस्थेचा अर्ज आणला. त्यात एक कागद जोखमीचा असतो. काही बरेवाईट झाल्यास संस्था जबाबदार नाही, असे पालकाने लिहून द्यायचे. बाबांनी आयुष्यात न वाचता सही केलेली नाही. पेढीवरची हुंडी वाचावी तसा त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढून मला विचारले, "तिथे शिकवतात काय?" मी सांगत गेलो : गाठी, बर्फावर घसरल्यास कुऱ्हाड रोवून थांबणे, हिमभेग ओळखणे, उंचीवर सावकाश चढणे, कारण घाई केल्यास फुप्फुसात पाणी होते. बाबा म्हणाले, "आणि परत कधी फिरायचे, ते?" ते मला माहीत नव्हते. "ते विचारून घे," म्हणाले आणि सही केली. आईने स्वयंपाकघरातून एवढेच विचारले, "यावाग बरती?" केव्हा येशील? तारीख सांगितल्यावर तिने ती कॅलेंडरवर लिहून ठेवली.

मे महिन्यात गेलो. मंडीच्या पुढे बस कधी बोगद्यातून, कधी नदीच्या काठाने जाते. नदीचे नाव कोणाला विचारावे लागले नाही. आमच्या तुकडीत हैदराबादचा मी एकटा. बाकीची मुले खिडकीतून फोटो काढत होती. मी पाण्याकडे पाहत होतो. ते काही भयंकर दिसत नव्हते. हिरवे, थंड, दगडांतून वाट काढत जाणारे. मीही उतरलो असतो. कोणीही उतरले असते.

सरावाचा आमचा तळ बियास कुंडाच्या बाजूला होता. त्या नदीचा उगम तिथे, सुमारे ३७०० मीटरवर, बर्फातून होतो. मुंबईच्या एका मुलाने तो प्रवाह उडी मारून ओलांडला आणि त्यासाठी बोलणी खाल्ली. त्या दिवशीचा धडा माझ्या वहीत आहे. डोंगरातले पाणी ओलांडायचे ते पहाटे. ऊन चढले की वरचा बर्फ वितळतो आणि सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी मांडीला लागतो, इथे आभाळ कोरडे असले तरी. उस्ताद म्हणाले, "पानी देखने से पहले ऊपर देखो." वर काय आहे? बर्फ, तळे, धरण? हे कोणाला विचारावे? मी त्या रात्री तंबूत बराच वेळ जागा होतो. धरणाचे दरवाजे केव्हा उघडतील हे थलौटला कोणत्याच अभ्यासक्रमाने कळले नसते, आणि त्या मुलांना कोणी दोष देऊ नये. दोष ज्यांचा, त्यांचा न्यायालयाने ठरवला आहे. पण कोरड्या आभाळाखालीही पात्र भरते, एवढे जाणणारा एकच माणूस त्यांच्यात असता तर? या प्रश्नाला उत्तर नाही. तरी तो सुटत नाही.

शेवटच्या चढाईला रात्री दोनला निघालो. रात्री बर्फ टणक असतो, सूर्य वर आला की तो मऊ होऊन सुटू लागतो. एका दोरावर चौघे, पायांना लोखंडी काट्यांचे पट्टे, समोर फक्त पुढच्या माणसाचा दिवा. उजाडले तेव्हा माथा समोर होता, अर्ध्या तासाचा. मागून ढग चढत होते. उस्तादांनी घड्याळ पाहिले, ढगांकडे पाहिले आणि हात खाली केला. कोणी हुज्जत घातली नाही, मी सोडून. खाली आल्यावर मी बाबांचा प्रश्न त्यांना विचारला. ते म्हणाले, "अभी देखा ना?"

बेगम बाजारात परतल्यावर चौकशी एकच, "चोटी पे गए क्या?" नाही म्हटले की समोरचा गप्प होतो आणि विषय काजूच्या भावावर जातो. फक्त चाचांनी निराळे विचारले. रस्सी कशी होती, म्हणाले.

आता कॉलेजकडे वळतो. कोणी म्हणेल, शिकलेलेही मरतात. खरे आहे. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या संस्थेचे प्रशिक्षणार्थी द्रौपदी का दांडा शिखरावर हिमस्खलनात सापडले आणि सत्तावीस जण गेले, दोघे सापडलेच नाहीत. त्यांत त्याच वर्षी एव्हरेस्ट चढून आलेली प्रशिक्षिका सविता कंसवाल होती. ही बातमी मी बाबांपासून लपवली नव्हती, इथेही लपवत नाही. जोखीम शून्य होते असे सांगणारा खोटे बोलतो. पण आपले विद्यार्थी पहाडात जायचे थांबले आहेत का? सुटी लागली की चौघे-पाचजण परस्पर मनाली, लेह गाठतात, घरी मित्राच्या बहिणीचे लग्न सांगून. ते कोणत्या नाल्यात उतरतात, कॉलेजला ठाऊक नसते. बंदीमुळे कॉलेजची सही वाचली. मुलांची जोखीम जिथे होती तिथेच आहे, फक्त आता ती कोणाच्या वहीत चढत नाही. आम्ही कॉमर्सवाले याला काय म्हणतो ते सरांना सांगायला नको.

मागणी लहान आहे. हिमालय राहू द्या. दोन चांगले दोर, सहा शिरस्त्राणे, सहा पट्टे, मुलांचा अपघात विमा, आणि महिन्यातून एक रविवार भोनगीर, तिथल्या शिकवणाऱ्यांच्या हाताखाली. वर्षाअखेर जो तयार होईल त्याच्या अर्जावर कॉलेजची शिफारस. खर्चाचा अंदाज मी जोडला आहे. रामोजीच्या एका सहलीहून तो जास्त नाही.

हा अर्ज ग्रंथालयात, सूचनाफलकाशेजारच्या टेबलावर ठेवला आहे. आजपर्यंत तेवीस सह्या झाल्या आहेत, चौदा मराठीत, सात कन्नडमध्ये, दोन तेलुगूत. विद्यार्थ्यांबरोबर येणाऱ्या अध्यापकांसाठी खाली एक रकाना आखला आहे, तो अजून कोरा आहे.